डॅलसला ‘वॉच’ लागलाय म्हणजे नक्की काय?

टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस या भागात ज्यांची मुलं किंवा भावंडं राहतात त्यांना एप्रिल-मे मध्ये हे वाक्य फोनवर हमखास ऐकू येतं, की आज आमच्याकडे थंडरस्टॉर्म वॉच आहे. मग इकडे घरच्यांचा जीव टांगणीला. आणि गंमत म्हणजे तिथे राहणारे बरेच जण स्वतःच वॉच आणि वॉर्निंग यात गल्लत करतात, म्हणून हे जरा नीट सांगतो.

वॉच निघतो ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावातून. तिथे स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे, अख्ख्या अमेरिकेच्या वादळांवर नजर ठेवणारं. साधारण ५० हजार ते १ लाख चौरस किलोमीटरचा पट्टा (म्हणजे महाराष्ट्राचा सहावा ते तिसरा हिस्सा) ते घेतात आणि सांगतात की पुढच्या सहाएक तासांत इथे जोरदार वादळं होण्याची परिस्थिती तयार आहे. वादळ अजून झालेलं नसेलही. वॉर्निंग मात्र तिथल्या हवामान ऑफिसची, अशी १२२ ऑफिसेस आहेत, आणि ती निघते तेव्हा वादळ रडारवर दिसलेलं असतं किंवा कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, हातात बऱ्याचदा अर्धा-पाऊण तासच, कधी त्याहून कमी. जोरदार म्हणजे किती तेही ठरलेलं आहे, वारा ताशी ९३ किमी किंवा गार अडीच सेंटीमीटरची, किंवा त्याहून जास्त.

हे आधी कळतं कसं? आपल्याकडे वळवाच्या आधी दुपारी जसं घामट उकडतं तसंच तिथे मेक्सिकोच्या आखातातून दमट हवा वर सरकत येते, पण त्यावर पश्चिमेकडून आलेल्या गरम कोरड्या हवेचा थर बसतो आणि खालची हवा तासन्‌तास वर जाऊच शकत नाही, ऊर्जा साठत राहते, आणि संध्याकाळी तो थर फुटला की ढग भराभर चढतात. त्यात उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत असेल तर ढग फिरायला लागतो, तिथून मोठ्या गारा आणि टॉर्नेडो. हे सगळं फुग्यांनी मोजतात, रोज दोनदा.

यावरून त्याच सेंटरचा रोज धोक्याच्या १ ते ५ लेव्हलचा नकाशा निघतो, ५ म्हणजे सगळ्यात जास्त. लेव्हल २ ला लोक किरकोळ समजतात आणि इथेच मला काळजी वाटते. त्यात जोरदार वारा किंवा मोठ्या गारांची शक्यता १५ टक्के असू शकते, पण ती तुमच्यापासून ४० किमीच्या आत काहीतरी होण्याची, आणि एरवीच्या दिवशी हा आकडा कितीतरी खाली असतो. १० ऑगस्ट २०२० ला आयोवात सकाळी लेव्हल २ च होती, दुपारपर्यंत ४ वर न्यावी लागली, सीडर रॅपिड्स शहराची दाणादाण उडाली, मक्याची शेतं आडवी झाली.

अजून एक, बहुतेकांना हे माहीत नसतं. वॉच लागला म्हणून मोबाईलवर सरकारी धोक्याचा अलर्ट आपोआप किंचाळत नाही. थंडरस्टॉर्म वॉर्निंगलाही ऑगस्ट २०२१ पासून तो फक्त सगळ्यात वरच्या दर्जाच्या वेळी वाजतो, म्हणजे वारा ताशी १२९ किमी किंवा गारा सात सेंटीमीटरच्या. त्यामुळे गाडी शेडमध्ये घेणं, मुलांना ग्राउंडवरून लवकर आणणं, हे ठरवायला सकाळी तो नकाशा आपणच उघडून बघावा लागतो.