उपचाराची सही आणि संशोधनाची सही

बाळ काचेच्या पेटीत ठेवलं की घरच्यांपुढे कागद येऊ लागतात. रत्नागिरी असो की ओरोस, जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूबाहेर (आजारी नवजात बाळांच्या कक्षाबाहेर) सिझरचे टाके सांभाळत आई बसलेली, वडील मुंबईला कामावर नाहीतर बोटीवर. नर्स दाखवेल तिथे आजी अंगठा उठवते. पुढे बाळाला कोल्हापूर-मुंबईला हलवलं, की त्या कागदांत एखादा संशोधनाचाही असू शकतो.

व्हेंटिलेटर, रक्त चढवणं, ऑपरेशन यांची संमती तुमच्याच बाळासाठी असते. नाही म्हटलंत तर त्याचा उपचार अडतो. संशोधनाची संमती मुख्यतः पुढच्या बाळांसाठी उत्तर शोधायला असते. बऱ्याच अभ्यासांत कोणत्या बाळाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टर निवडत नाहीत. इथे नकार दिलात किंवा मध्येच बाहेर पडलात, तरी नेहमीचे उपचार तसेच चालू राहिले पाहिजेत. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. आपल्याकडे मात्र ‘डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं’ याच धाकाने सही होते, आणि मला ते फार खुपतं.

‘नवीन उपचार म्हणजे चांगलाच’ हीही समजूत नको. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचं अंग थंड ठेवणं श्रीमंत देशांत फायद्याचं ठरलं होतं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ‘हेलिक्स’ अभ्यासाचा निकाल २०२१ साली आला: थंड ठेवलेल्या गटात मृत्यू उलट जास्त होते. आपल्या बाळांवर अभ्यास झाला म्हणूनच हे कळलं. त्यामुळे संशोधनाला सरसकट नकार द्यावा, असं मी म्हणणार नाही.

विचारा मात्र जरूर. अभ्यासात नसतं तर बाळाला काय मिळालं असतं? जादा रक्त किती काढणार? एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम शंभर मिलिलिटर रक्त असतं, तेव्हा हा प्रश्न क्षुल्लक नाही. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा? बाळाच्या वडिलांशी फोनवर बोलायला वेळ मागा. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर माहितीपत्रक मराठीत वाचून घ्या. सही केलीत तर त्याची प्रत हक्काने मागा. एथिक्स कमिटीशी, म्हणजे संशोधन नीतीने चाललंय का हे पाहणाऱ्या समितीशी, संपर्क कसा करायचा, ते त्यावरच छापलेलं असतं.