रक्त पातळ करणारी औषधे

रक्तगोठण (रक्तक्लथन) लांबवणारी औषधे. नाव रूढ असले तरी रक्त पातळ होत नाही. गुठळी धरायला वेळ लागतो, इतकेच.

यांपैकी हेपारिन या औषधाचा शोध सहसा १९१६ मध्ये बाल्टिमोर येथे वैद्यकाचे विद्यार्थी असलेल्या जे मॅक्लीन यांच्या नावावर मांडतात. मात्र त्यांना यकृतातून मिळालेला पदार्थ स्निग्ध वर्गातला होता. ‘हेपारिन’ हे नाव त्यांचे शिक्षक विल्यम हॉवेल यांनी १९१८ मध्ये दिले आणि आजच्यासारखे, पाण्यात विरघळणारे द्रव्यही पुढे त्यांनीच वेगळे केले. त्यामुळे श्रेयाचा मोठा वाटा हॉवेल यांना देणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. वॉरफरिन आधी उंदीर मारण्यासाठी आले; माणसांवरील उपचारात ते साधारण १९५४ पासून रुळले.

वॉरफरिन व असेनोकुमरॉल या गोळ्या यकृतातील ‘के’ जीवनसत्त्वाचे काम अडवतात. त्यामुळे २, ७, ९ व १० हे गोठण-घटक अपुरे तयार होतात. आधीचा साठा संपेपर्यंत, म्हणजे सुमारे ५ दिवस, पूर्ण गुण येत नाही. मात्रा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) पाहून ठरते: तो बहुधा २ ते ३, हृदयात कृत्रिम मायट्रल झडप असल्यास २.५ ते ३.५ ठेवतात. तपासणीच्या निळ्या झाकणाच्या नळीत ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारे द्रव्य) असते. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होऊन आकडा खोटाच चढतो आणि गोळी विनाकारण कमी केली जाते. हा नमुना फ्रिजमध्ये ठेवू नये.

खानदेशात आकडा घसरण्याचे एक कारण हिवाळ्यात ताटातच सापडते. भरताचे वांगे निरुपद्रवी. पण त्यात मुठीमुठीने पडणाऱ्या कांद्याच्या पातीत १०० ग्रॅममागे सुमारे २०० मायक्रोग्रॅम ‘के’ असते. मेथी-पोकळ्याचेही तेच. भरीत सोडायचे नाही. पातीचे प्रमाण आठवड्यागणिक सारखे ठेवायचे. शेतावरच्या भरीत पार्टीत एकदम भरपूर खाणे टाळावे. केळी खुशाल खावीत.

चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यावी, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा कमरेत सुई घेणे धोक्याचे: पहिल्याने जठरातून रक्तस्राव होतो, दुसरीने स्नायूत रक्त साकळते. डांबरासारखी काळी शौच झाली किंवा डोक्याला मार लागला तर, जखम दिसत नसली तरी, लगेच रुग्णालय गाठावे.

डॅबिगॅट्रान, अ‍ॅपिक्साबॅन या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही. धातूच्या झडपेसाठी त्या चालत नाहीत.