नदीची वाट, वाटेवरचे दगड: जुनापाणीपासून इरवेलपर्यंत

नागनदीच्या काठाने चालायला वाट हवी, तिच्यावर शिल्पं मांडावीत, काठच्या भिंती रंगवाव्यात, असं नागपुरात अधूनमधून बोललं जातं. उदाहरण म्हणून बहुतेक वेळा अहमदाबादची साबरमती पुढे येते. मला ते उदाहरण या विषयाला लागू पडत नाही असं वाटतं. तिथे शहराने नदीला दोन्ही बाजूंनी पक्का काठ बांधून दिला. मी ज्या वाटांबद्दल लिहितो आहे त्या निराळ्या आहेत. त्या नदीच्या खोऱ्यातून मैलोन्मैल जातात, शेतं, गिरण्यांचे अवशेष, जंगल, वस्त्या ओलांडतात, आणि त्यांच्यावर उघड्यावरची, त्या त्या जागेसाठीच केलेली कला भेटते. अशा वाटांचा इतिहास युरोपातला म्हणून सांगितला जातो. पण तो नागपूरजवळून दोनदा जातो, एकदा कापसाच्या गाठींबरोबर आणि एकदा जुनापाणीच्या दगडांवरून. दोन्ही ठिकाणी माणूस एकच भेटतो.

त्याचं नाव जे. एच. रिव्हेट-कार्नॅक. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं आणि तिथला कापूस इंग्लंडला जाणं जवळजवळ थांबलं. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, कामगारांची उपासमार झाली. मग इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या आणि वर्धा खोऱ्याच्या काळ्या जमिनीवर गेली. हिंगणघाटच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. या सगळ्या व्यवहारावर देखरेख ठेवणारा मध्य प्रांताचा कापूस आयुक्त म्हणजे हा रिव्हेट-कार्नॅक.

कामासाठी फिरता फिरता त्याला नागपूरच्या पश्चिमेला, काटोलच्या वाटेवर, जुनापाणीच्या माळावर गोल मांडलेल्या धोंड्यांची वर्तुळं दिसली. एकदोन नव्हेत, शेकड्याने. त्याने काही खणून पाहिली, त्यांत लोखंडाची हत्यारं आणि मडकी सापडली. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले होते. त्याने त्यांची चित्रं काढली आणि इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या अशाच खळग्यांशी त्यांची तुलना केली. ते खळगे म्हणजे लिपी असावी, असाही तर्क त्याने लढवला. तो टिकला नाही. नोंदी मात्र टिकल्या.

ही वर्तुळं म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली दफनं. बृहदश्मयुगीन म्हणतात ती संस्कृती हीच. विदर्भात ती किती दाट पसरली होती हे पुढच्या उत्खननांतून कळलं. माहुरझरीला घोड्याच्या डोक्यावरचा तांब्याचा साज मिळाला. पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. नकाशावर या जागा मांडून पाहिल्या की लक्षात येतं, यांतल्या बहुतेक जागा नदी-नाल्याच्या जवळच्या चढावर आहेत. पाणी हाताशी आहे, पण पूर पोहोचत नाही. मृतांची आठवण म्हणून धोंडे गोल मांडायचे आणि तेही नदीचा स्वभाव ओळखून. या लोकांनी ‘कला’ म्हणून हे केलं नसेल. पण खोऱ्यातून चालणाऱ्याला दिसावी आणि पिढ्यानपिढ्या राहावी अशी मांडणी त्यांनी केली, आणि ती आजही दिसते.

जुनापाणीच्या आसपासचा कापूस मात्र पुढे गेला, मुंबईमार्गे लँकेशायरला, मँचेस्टरच्या बाजारात. तिथे मँचेस्टर आणि सॉल्फर्ड या जुळ्या शहरांच्या मधून इरवेल नावाची नदी वाहते. बेकपच्या वरच्या माळरानावर ती उगम पावते. रोसेनडेल आणि बरी या गावांच्या खोऱ्यांत तिने आधी पाणचक्क्या फिरवल्या, नंतर वाफेच्या गिरण्यांना पाणी पुरवलं. त्या बदल्यात गिरण्यांनी तिच्यात रंग, रसायनं आणि राख सोडली. एकोणिसाव्या शतकात इरवेल इंग्लंडमधल्या सर्वांत घाण नद्यांपैकी एक होती. विसाव्या शतकात गिरण्या बंद पडत गेल्या आणि खोऱ्यात रिकाम्या इमारती, बंद खाणी व बेरोजगारी उरली.

इरवेल ज्या मर्सी नदीच्या खोऱ्यात येते ते स्वच्छ करायची पंचवीस वर्षांची मोहीम १९८५ मध्ये सुरू झाली. साधारण त्याच सुमारास, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, रोसेनडेलच्या खोऱ्यात पहिली शिल्पं मांडली गेली. १९९० च्या दशकात लॉटरीच्या निधीतून मोठी रक्कम मिळाली आणि ‘इरवेल शिल्पवाट’ आकाराला आली. सॉल्फर्डच्या गोदीपासून बेकपच्या माळापर्यंत ती सुमारे ५३ किलोमीटर आहे आणि वाटेत सत्तरच्या आसपास कलाकृती आहेत. रॅम्सबॉटम गावात एडवर्ड ॲलिंग्टन यांचा कलता धातूचा कुंभ आहे. रॅडक्लिफजवळ, जिथे पूर्वी कोळशाची खाण होती, तिथे जर्मन शिल्पकार उलरिख रुक्रिम यांनी अवाढव्य दगड उभे केले आहेत. खाणीच्या जागी उभे केलेले ते दगड पाहिले की मला जुनापाणीच आठवतं. एका कापूस आयुक्ताने ज्या गिरण्यांसाठी विदर्भ पालथा घातला, त्याच गिरण्यांच्या नदीकाठी शंभराहून जास्त वर्षांनी माणसं पुन्हा धोंडे उभे करत होती.

इरवेलच्या आधी या प्रथेची पूर्वतयारी झाली होती, ती थोडक्यात सांगतो. अठराव्या शतकात वेल्सच्या सीमेवरच्या वाय नदीचं खोरं पाहायला श्रीमंत इंग्रज नावेने जाऊ लागले. पीअर्सफील्ड इथल्या जमीनदाराने १७५० च्या दशकात कड्यावरून फिरायच्या वाटा काढून ‘इथे थांबा, इथून पाहा’ अशा जागा ठरवून दिल्या. निसर्गाला चौकट घालून दाखवायची ही रीत होती. ती मोडली १९६७ मध्ये, रिचर्ड लाँग या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने. एका गवताळ मैदानात तो एका सरळ रेषेत ये-जा करत राहिला. गवत दबून रेषा उमटली, तिचा त्याने फोटो काढला, आणि तीच त्याची कलाकृती. चालणं हीच कला, हे त्यातून मान्य झालं. आपल्याकडची कुठलीही पांदण अशीच तयार होते, पायांनी. तिच्याकडे कुणी त्या नजरेने पाहिलं नाही, एवढंच.

त्यानंतर अमेरिकेत रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७० मध्ये यूटा राज्यातल्या खाऱ्या सरोवरात काळ्या बसाल्टचा सर्पिल धक्का बांधला. बसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण, दख्खनचा. इंग्लंडच्या ग्रिझडेल जंगलात १९७७ पासून आणि इटलीच्या सेल्ला खोऱ्यात १९८६ पासून झाडं, फांद्या, दगड यांचीच शिल्पं होऊ लागली. पडली तर पडू द्यायची, सडली तर सडू द्यायची, हे त्यात गृहीतच होतं. १९७८ मध्ये वेल्समध्ये डेव्हिड नॅश यांनी ओकच्या बुंध्यातून एक भलामोठा लाकडी गोटा कोरला आणि ओढ्यातून खाली नेताना तो अडकला. नॅश यांनी तो तिथेच राहू दिला. पुढची पंचवीस वर्षं पुरांनी तो गोटा थोडा थोडा खाली ढकलला, ओढ्यातून नदीत, नदीतून खाडीत. २००३ मध्ये तो दिसेनासा झाला आणि २०१३ मध्ये पुन्हा सापडला. या सगळ्या इतिहासात माझं सर्वांत लाडकं शिल्प हेच. शिल्पकाराने एकदा हात काढून घेतला आणि पुढचं सगळं नदीवर सोडलं.

नागपूरकराने मात्र सर्वांत नीट अभ्यासावी ती जर्मनीची एम्शर. रूहर हा कोळशाचा आणि पोलादाचा पट्टा, आणि त्याच्या मधून जाणारी एम्शर शंभर वर्षांहून जास्त काळ चक्क उघडी गटार होती. कारण कळलं की राग जरा कमी होतो. खाली खाणी होत्या, जमीन खचत राहायची, आणि जमिनीखाली टाकलेले सांडपाण्याचे नळ फुटले असते. म्हणून १८९९ मध्ये स्थापन झालेल्या एम्शर सहकारी संघाने नदीलाच काँक्रीटच्या नालीत बसवलं आणि साऱ्या शहरांचं मैलापाणी तिच्यात सोडलं. खाणी बंद झाल्या, जमीन स्थिरावली, तेव्हा १९९२ मध्ये उलटं काम सुरू झालं. नदीच्या शेजारून खोल भुयारात ५१ किलोमीटरची मुख्य सांडपाणी वाहिनी टाकली. काँक्रीट काढलं. २०२१ च्या अखेरीस एम्शरमध्ये मैलापाणी जाणं थांबलं. खर्च साडेपाच अब्ज युरोच्या आसपास झाला.

कला कधी आली हे पाहण्यासारखं आहे. काम निम्म्यावर असताना, २०१० मध्ये, खोऱ्यात पहिलं कलाप्रदर्शन भरलं, मग २०१३ आणि २०१६ मध्ये. लोकांनी ज्या नदीकडे नाक दाबून पाठ फिरवली होती, तिच्या काठी पुन्हा यावं, काम चालू आहे हे डोळ्यांनी पाहावं, यासाठी. त्यांतल्या कायम राहिलेल्या आणि नंतर भर पडलेल्या कृतींची मिळून आज शंभर किलोमीटरहून लांब पायी आणि सायकलने जायची कलावाट झाली आहे. ओबरहाउझेनला टोबियास रेबर्गर यांनी कालव्यावर स्प्रिंगमध्ये गुंडाळल्यासारखा रंगीत पादचारी पूल बांधला. तो पाहायला येतात ते चालतच पलीकडे जातात.

जपानमधल्या एचिगो-त्सुमारीची गोष्ट वेगळ्या दुखण्यातून निघाली. निइगाता प्रांतात, जपानची सर्वांत लांब नदी शिनानो जिथून जाते, त्या डोंगराळ भातशेतीच्या मुलखातली तरुण मंडळी शहरांकडे गेली. गावं म्हातारी झाली, शाळा बंद पडल्या. फ्राम कितागावा यांनी २००० पासून दर तीन वर्षांनी ७६० चौरस किलोमीटरच्या त्या मुलखात कला महोत्सव सुरू केला. रिकाम्या घरांत, बंद शाळांत, भाताच्या पायऱ्यांवर कलाकृती आहेत. त्या विखुरलेल्याच ठेवल्या, म्हणजे पाहणाऱ्याला खोरं तुडवावंच लागतं. विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याला हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही.

आणि आपल्याकडे? खोऱ्यातून चालत जाणं आणि वाटेवर काही ठेवून येणं ही रीत नागपूरला नवी नाही. पचमढीच्या महादेवाला जाणारे विदर्भातले यात्रेकरू छिंदवाड्याकडून, कन्हानच्या खोऱ्यातून वर चढतात. जुन्नारदेवला ‘पहिली पायरी’. पुढे सातपुड्याच्या दऱ्या, आणि शेवटी चौरागड. नवसाचा त्रिशूल खांद्यावर घेऊन माणसं तेराशेच्या आसपास पायऱ्या चढतात आणि त्रिशूल शिखरावर अर्पण करतात. हजारो त्रिशूल तिथे एकमेकांना खेटून उभे आहेत, काही बोटाएवढे, काही दोन-दोन माणसांनी उचलावेत इतके जड. गंजलेले जुने आणि चकचकीत नवे. याला कुणी शिल्पकार नाही, आयोजक नाही. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची वाट काही दिवस उघडते, तेव्हा नागपुरातल्या वस्त्याच्या वस्त्या तिकडे निघतात. ज्यांनी ती वाट केली आहे त्यांना कलावाट म्हणजे काय हे सांगायला युरोपची गरज पडू नये.

आता नागनदी. वाडीपलीकडे लावा गावाच्या टेकड्यांतून ती येते, अंबाझरीत थांबते आणि सांडव्यावरून शहरात शिरते. अंबाझरीचा तलाव शहराच्या पाण्यासाठी १८७० मध्ये बांधलेला. शहरातून सुमारे १७ किलोमीटर वाहून नाग पूर्वेला पावनगावाजवळ पिवळी नदीला भेटते आणि पुढे कन्हानला मिळते. ज्या नदीच्या नावाने शहर ओळखलं जातं तिला आपण बोलताना नाला म्हणतो, मीही म्हणत आलो आहे. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून तिच्या प्रदूषणमुक्तीसाठी सुमारे दोन हजार कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली आहे. त्याचा गाभा एम्शरसारखाच आहे, मैलापाणी नदीत पडण्याआधी अडवायचं आणि शुद्धीकरण केंद्राकडे वळवायचं.

मार्च २०२३ मध्ये जी-२० देशांतल्या नागरी संस्थांच्या सी-२० बैठकीसाठी शहर सजलं, भिंती रंगल्या, दिवे लागले. त्याच वर्षी २३ सप्टेंबरच्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी भरून वाहिली आणि डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत घरांत पाणी शिरलं. माणसं दगावली. सांडव्यासमोरच्या स्वामी विवेकानंदांच्या स्मारकामुळे प्रवाह अडतो का, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. त्या वादात मी इथे निवाडा देत नाही. पण नदीजवळ काहीही उभं करताना पहिला प्रश्न पाण्याच्या वाटेचा असतो, हे जुनापाणीचे धोंडे मांडणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून माझं मत असं की नागनदीची कलावाट सीताबर्डीच्या किंवा महालच्या भिंतींपासून सुरू करू नये. सांडपाणी अडवायचं काम ज्या टप्प्यावर पूर्ण होईल, त्या टप्प्यावर आधी चालायची कच्ची वाट द्यावी आणि शिल्पांची जागा चार पावसाळे पाहून ठरवावी.

तोवर उत्तरेची बाजू मोकळी आहे. पिवळी नदी गोरेवाडा तलावातून निघते, आणि गोरेवाड्यापासून काटोल रोडने पुढे गेलं की जुनापाणी. म्हणजे या वाटेच्या वरच्या टोकाला शिल्पं आधीच मांडलेली आहेत. तलावापासून वर्तुळांपर्यंत पाट्या लावलेली सलग पायवाट मात्र नाही, गाडीनेच जावं लागतं. जायचं तर पावसाळ्यानंतर, गवत वाळून बसलं की जावं, वर्तुळं तेव्हा पुरती दिसतात. खळगे पाहायचे असतील तर सकाळी लवकर किंवा ऊन कललं की, तिरप्या उन्हात सावली पडते तेव्हा.