यौवनलोपी ग्रंथी

उरोस्थीमागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असलेली दोन खंडांची मऊ ग्रंथी, थायमस. अस्थिमज्जेतून आलेल्या अपक्व पेशी येथे टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, होतात, हे जाक मिलर यांनी १९६१ मध्ये नवजात उंदरांची ग्रंथी काढून दाखविलेल्या परिणामांतून पुढे आले. ‘यौवनलोपी’, म्हणजे तारुण्यात लोपणारी, हे मराठी नाव काहीसे फसवे आहे. ग्रंथीचा ऱ्हास बहुधा बालपणीच सुरू होतो आणि ती पुरती लोपतही नाही. तिच्यात चरबी भरत जाते.

प्लीहा, लसीकाग्रंथी अशा इतर लसीका-अवयवांत (रोगप्रतिकारक पेशींच्या अवयवांत) तंतूंची जाळी असते. येथे जाळी अभिस्तर पेशींचीच (पृष्ठभाग व अस्तर बनविणाऱ्या प्रकारच्या पेशींची), लांब फाटे एकमेकांत गुंतलेली. या पेशींच्या उगमाविषयी दीर्घकाळ मतभेद होता. १९७५ मध्ये ल दुआरँ व जोतरो यांनी लावा पक्ष्याच्या भ्रूणातील ग्रसनी-कोष्ठांचा (घशाच्या भागातील खोलगट पिशव्यांचा) अंतःस्तर, म्हणजे भ्रूणाचा सर्वांत आतला थर, कोंबडीच्या भ्रूणात रोपला. लाव्याच्या पेशीकेंद्रातील ठळक गोळ्यामुळे पेशी ओळखता येतात. जाळी लाव्याची आणि तीत वाढणाऱ्या लसीकापेशी (टी-पेशींच्या वर्गातील पांढऱ्या पेशी) कोंबडीच्या निघाल्या. तरीही १९८० च्या सुमारास, जन्मतः थायमस नीट न घडणाऱ्या केसविरहित उंदरांच्या अभ्यासावरून, बाह्यकाची (ग्रंथीच्या बाहेरच्या भागाची) जाळी भ्रूणाच्या बाह्यस्तरापासून व मध्यकाची (आतल्या भागाची) अंतःस्तरापासून बनते असा द्वि-उगम पक्ष मांडला गेला आणि पाठ्यपुस्तकांत बराच काळ टिकला. २००४ मध्ये उंदराच्या कोष्ठाचा केवळ अंतःस्तर मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रोपला असता दोन्ही भाग असलेली कार्यक्षम ग्रंथी तयार झाली. त्यामुळे एक-उगमाचे मत आता अधिक ग्राह्य वाटते.

नवागत पेशी बाह्यक-मध्यक सीमेवरील रक्तवाहिन्यांतून शिरतात, आवरणाकडे सरकतात आणि मग आत परततात. बाह्यकाच्या जाळीवरील डेल्टा-लाइक ४ प्रथिन त्यांना टी-पेशीच्या वाटेवर लावते, तर इंटरल्यूकिन-७ त्यांना जगविते. ज्यांचा ग्राही (पेशीवरील, इतर रेणू ओळखणारे प्रथिन) जाळीवरील स्वकीय रेणूंना पकडतच नाही, त्या तीन-चार दिवसांत मरतात. मध्यकात एअर (Aire) नावाच्या जनुकामुळे इन्शुलिनसारखी शरीरातील इतर ऊतींची प्रथिनेही दिसतात. त्यांना घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक पेशीही बाद होतात. एकूण ९५ टक्क्यांहून अधिक पेशी ग्रंथीतच संपतात.

काचेच्या बशीत सपाट वाढविल्यास जाळीच्या पेशी डेल्टा प्रथिन व टी-पेशी घडविण्याची क्षमता गमावतात. त्यांचा गोळा करून वाढविल्यास ती टिकते. २००२ मध्ये डेल्टा प्रथिन बसविलेल्या अस्थिमज्जा-पेशींच्या सपाट थरावरही टी-पेशी बऱ्याच टप्प्यांपर्यंत वाढल्या, म्हणून आकारापेक्षा रेणू महत्त्वाचा, असे काहींना वाटले. परंतु पुढच्या निवडीचे टप्पे त्रिमितीय गोळ्यांत अधिक नीट पार पडतात. उलटपक्षी, जाळीलाही टी-पेशी लागतात: टी-पेशींची वाढच रोखलेल्या उंदरांत मध्यक नीट घडत नाही.

लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेत वाटेत येते म्हणून ही ग्रंथी अनेकदा काढली जाते.