वयाचे गट आहेत, सायकलीचे नाहीत

20 ऑक्टोबर 2019 रोजी मिरामारला गोव्यातली पहिली आयर्नमॅन 70.3 झाली, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे मिळून 70.3 मैलांची ट्रायथलॉन. तेव्हापासून पणजीत ट्रायथलॉन म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. समजावून सांगावा लागतो तो काही जणांचा हट्ट. पंचावन्न-साठी ओलांडलेली ही मंडळी कार्बनच्या सायकलींच्या रांगेत आपली जुनी, बारीक नळ्यांची पोलादी रेसर आणून लावतात. कोणी तिचा फोटो काढतो, कोणी ‘आता नवीन घ्या की हो’ म्हणून सल्ला देतो. वयाने मोठ्या खेळाडूंना त्यांच्याच वयाच्या खेळाडूंशी तोलले जाते, मग सायकलींना का नाही, हा प्रश्न अशा वेळी निघतोच. त्याचे उत्तर गोव्यात सापडणार नाही. ते तीस वर्षांपूर्वीच्या एका निर्णयात आहे.

त्याआधीचे थोडक्यात. 1974 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथे या खेळाची सुरुवात झाली. फेब्रुवारी 1978 मध्ये हवाईत पहिली लांब पल्ल्याची शर्यत झाली, 15 जण उतरले आणि 12 जणांनी ती पुरी केली. त्या काळात सायकल म्हणजे पोलादच. चांगल्या रेसरची चौकट मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या पातळ नळ्यांची असे. इंग्लंडमधल्या रेनॉल्ड्स 531 या प्रसिद्ध नळ्या 1935 पासून बाजारात होत्या. नळ्यांची टोके लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या पोलादी बाहीत, बसवून पितळेने झाळायची, गिअरच्या दोन दांड्या खालच्या नळीवर, पायाला पट्टा, आणि सीटची नळी जमिनीशी साधारण 73 अंशांवर. आज ज्याला हौसेने ‘व्हिंटेज’ म्हणतात तो त्या वेळचा रोजचा माल होता.

खरी उलथापालथ 1984 ते 1990 या सहा-सात वर्षांत झाली. 1984 मध्ये बुटाला खटकन अडकणारे पायडल आले. 1986 मध्ये साच्यातली कार्बन चौकट आली. 1987 मध्ये कोपरे टेकून पुढे झुकायचे एअरो हँडल आले, आणि 1989 च्या टूर द फ्रान्सचा निकाल त्याच हँडलवर अवघ्या 8 सेकंदांनी फिरला, तेव्हा शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली. त्याच वर्षी खास ट्रायथलॉनसाठी सीटची नळी जवळजवळ उभी केलेली सायकल विकायला आली. 1990 मध्ये गिअर ब्रेकच्या मुठीत गेले. इथवर कोणाची तक्रार नव्हती. ज्याला परवडेल त्याने घ्यावे, इतकाच मामला होता.

वाद ड्राफ्टिंगवरून पेटला. पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाला राहिले की मागच्याचे जवळपास पाव हिस्सा श्रम वाचतात. ट्रायथलॉनमध्ये सुरुवातीपासून याला मनाई होती. प्रत्येकाने आपला वारा आपणच कापायचा, हे या खेळाचे ब्रीद मानले जाई. पण स्पर्धक वाढले, रस्ते तेवढेच राहिले, घोळके होऊ लागले, आणि मोटारसायकलवरच्या पंचांनी कोणाला पकडले न कोणाला सोडले यावर दर शर्यतीनंतर भांडणे होऊ लागली. त्यातच 1994 मध्ये सिडनी ऑलिंपिकसाठी ट्रायथलॉनला मान्यता मिळाली. दूरचित्रवाणीवर घोळका, हल्ले आणि पाठलाग दाखवता येतात. एकेकटे मान खाली घालून चाललेले लोक दाखवून प्रेक्षक टिकत नाही. 1995 पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने अव्वल खेळाडूंना ड्राफ्टिंगची मुभा दिली. उत्तम सायकलपटू चिडले. पोहण्यात मागे पडलेला आता सायकलवर भरून काढू शकणार नाही, शर्यत धावण्यातच ठरणार, हा त्यांचा आक्षेप पुढे बऱ्याच अंशी खरा ठरला.

या निर्णयाची दुसरी बाजू फारशी कोणी मांडत नाही. हौशी खेळाडूंना ही मुभा मिळाली नाही. त्यांना घोळक्यात सायकल सांभाळता येणार नाही, अपघात होतील, असे कारण दिले गेले आणि ते खोटेही नव्हते. पण परिणाम उलटा झाला. घोळक्यात सायकल काय आहे याने फारसे बिघडत नाही, म्हणून ड्राफ्टिंगच्या शर्यतींतले अव्वल खेळाडू वाकड्या हँडलच्या साध्या रोड बाइकवर धावू लागले. वाऱ्याशी एकट्याने झुंजायचे उरले ते पन्नाशीतल्या बँक अधिकाऱ्याला आणि साठीतल्या निवृत्त शिक्षकाला. साहजिकच वारा कापणारी चाके, वारा कापणारे हेल्मेट, वारा कापणारी बाटली हे सगळे त्यांच्यासाठी बनू लागले. खेळातला सगळ्यात महाग सामान वापरणारा वर्ग हौशी कसा झाला, याचे मूळ इथे आहे. 2016 पासून छोट्या अंतराच्या जागतिक वयोगट स्पर्धेत ड्राफ्टिंग आले खरे, पण 70.3 आणि तिच्या दुप्पट अशा पूर्ण अंतराच्या आयर्नमॅनमध्ये नियम जुनाच राहिला. तिथे हौशी खेळाडूने पुढच्याच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत 12 मीटर अंतर ठेवायचे. ओलांडायचे तर 25 सेकंदांत, नाहीतर पाच मिनिटांची शिक्षा.

सायकलींना सायकलींशी तोलायचा प्रयत्न कुठे झालाच नाही असे नाही. तासभरात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या विक्रमात चित्रविचित्र सायकली येऊ लागल्यावर सायकलिंगच्या महासंघाने 2000 मध्ये घड्याळ मागे फिरवले. 1972 मध्ये मेक्सिको सिटीत 49.431 किलोमीटरचा विक्रम झाला होता, त्या धाटणीच्याच सायकलवर नवा विक्रम करायचा, असा फतवा निघाला. विक्रमातला लोकांचा रस आटला आणि 2014 मध्ये नियम मागे घेतला. दुसरीकडे इटलीच्या टस्कनीत 1997 पासून होणारी जुन्या सायकलींची फेरी मात्र फोफावली. तिथे 1987 पर्यंतचीच रेसर लागते, गिअर खालच्या नळीवर आणि ब्रेकच्या तारा हँडलबाहेर. फरक एवढाच की तिथे कोणी कोणाला हरवायला येत नाही. ट्रायथलॉनच्या नियमांत सायकलीच्या वयाचा उल्लेखच नाही. ब्रेक धरतात ना, हँडलच्या टोकांना बुचे आहेत ना, हेल्मेट बांधले ना, एवढेच पाहतात.

वयाचे मात्र काटेकोर मोजमाप. पाच-पाच वर्षांचे गट, आणि गट ठरतो तो त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला होणाऱ्या वयावर. गट वरच्या बाजूने वाढत गेले, कारण म्हातारी माणसे थांबेनात. 2012 मध्ये अमेरिकेतल्या 82 वर्षांच्या एका कॅथलिक ननने पूर्ण अंतर पार केले. 2018 मध्ये 85 वर्षांच्या जपानी गृहस्थांनी हवाईची शर्यत वेळेत संपवली. म्हणजे शरीराच्या उताराचा हिशेब हा खेळ मनापासून करतो. पैशाच्या उताराचा करत नाही, आणि निवृत्तीनंतर दोन्ही एकदमच येतात.

आता गोव्याकडे. इथे पोलादी सायकल म्हटली की आधी आठवतो तो पोदेर, पहाटे भोंपू वाजवत पाव घेऊन येणारा. त्याची सायकल जड, काळी आणि अमर. रेसर ही जात निराळी. 1961 पूर्वी मुरगाव बंदरातून युरोपचा माल येई. पुढे बोटीवरचे तारवटी आणि आखातात गेलेले लोक सामानाबरोबर अशा वस्तू आणत राहिले. भारतात तेव्हा हलकी रेसर विकत घेणे सोपे नव्हते. बीएसए एसएलआर ही देशी सायकल असली तरी मुलगा मिरवायचा. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे संख्येचे निर्बंध 2001 मध्ये उठले, त्यानंतर हळूहळू परदेशी सायकली दुकानांत दिसू लागल्या. तोवर ज्याच्या घरात एक चांगली चौकट होती, त्याने ती जपली.

जपणे इथे सोपे नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खारे वारे. पोलाद बाहेरून गंजते तेव्हा दिसते तरी. खरा गंज आत, क्रँकच्या कवचात, म्हणजे पायडलांचा आस फिरतो त्या खालच्या नळीत, साचलेल्या पाण्याने धरतो. माझ्या ओळखीचे करंझाळ्याचे एक काका दर मृगाआधी सीट उपटून चौकट उलटी टांगतात आणि आतून जवसाचे तेल फिरवतात. एका वर्षी राहिले, तर ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) पोलादी नळीत असा धरला की मेकॅनिकने तो शिकंज्यात आवळून चौकट पिळली तेव्हा कुठे सुटला. दोन धातू आणि मध्ये खारट ओल, मग असे होणारच. घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सराव करताना दांडीवर ठिबकणारा घामसुद्धा समुद्राइतकाच वाईट, म्हणून तिथे त्यांचा एक जुना पंचा कायमचा बांधलेला असतो.

सुटे भाग हे दुसरे दुखणे. त्या काळच्या मागच्या चिमट्यात, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांत, 126 मिलिमीटरचा हब (चाकाचा मधला तुंबा) बसतो, नंतरच्या रिम ब्रेकच्या रेसरचा 130 चा. पोलाद असल्याने चिमटा थोडा फाकवता येतो. कार्बनला हे करून पाहू नये. पुढे 52 आणि 42 दात, मागे फार तर 24. हे विशीतल्या गुडघ्यांसाठी होते, म्हणून बहुतेक जण मागची फ्री बदलून 28 ची घालतात. पायाच्या पट्ट्यांचा मात्र फायदाच आहे. धावायच्याच बुटांत सायकल चालवता येते आणि नंतर बूट बदलत बसावे लागत नाही.

वेगाचा तोटा किती? लोक समजतात त्याहून कमी. अशी सायकल दहा-अकरा किलोंची, तर ट्रायथलॉनची कार्बन सायकलही सामानासह नऊच्या आसपास जाते. सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या वेगाला बहुतेक जोर हवेशी खर्च होतो, आणि हवा अडते ती मुख्यतः अंगाला. पोलादी हँडलवर एअरो दांड्या कसल्या की बरेचसे अंतर भरून निघते. कमरेला तितके वाकता येत असेल तर, हे आलेच.

उरते ती वेळेची मर्यादा. 70.3 मध्ये 1.9 किलोमीटर पोहण्याला साधारण 1 तास 10 मिनिटे, सुरुवातीपासून 5 तास 30 मिनिटांत 90 किलोमीटर सायकल संपलेली हवी, आणि 21.1 किलोमीटर धावणे धरून एकूण 8 तास 30 मिनिटे. पाण्यातून अगदी शेवटच्या मिनिटाला बाहेर आले आणि कपडे बदलण्यात दहा मिनिटे गेली, तरी सायकलला 4 तास 10 मिनिटे मिळतात. म्हणजे ताशी 21.6 किलोमीटर. रायबंदरच्या कॉजवेवर सकाळी, वारा सुटायच्या आत, ही मंडळी याहून जास्त वेगाने गप्पा मारत जातात. त्यांची गाठ उन्हाशी आणि त्यानंतरच्या धावण्याशी पडते, आणि तिथे 1978 ची सायकल काय नि 2024 ची काय, दोन्ही स्टँडवर उभ्या असतात.