जुन्या टीव्हीला नवा प्लेअर जोडताना

गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात, तेव्हा सामानात हल्ली इंटरनेटवरचे सिनेमे-मालिका टीव्हीवर दाखवणारा प्लेअर, म्हणजे एखादी स्ट्रीमिंग स्टिक किंवा अँड्रॉइड बॉक्स असतोच. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या कितीतरी घरांत टीव्ही मात्र अजून तोच, काचेच्या पिक्चर ट्यूबचा, मागे पोट असलेला. "टीव्ही चांगलो चलता, मगे टाकूचो कित्याक?" हा घरातल्या मोठ्यांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. अडतं ते जोडणीपाशी. स्टिकला एचडीएमआयची चपटी पिन आणि टीव्हीला पिवळं, पांढरं, लाल अशी गोल सॉकेटं. मग कुणीतरी बाजारातून एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली स्वस्त केबल आणतं. ती लावली तरी पडदा काळाच राहतो.

ही केबल घेऊ नका. तिच्यात नुसत्या तारा असतात, एकही चिप नसते. दोन यंत्रांमधला फरक पिनेच्या आकाराचा असता, तर तारांनी काम भागलं असतं. पण फरक चित्र बनवण्याच्या पद्धतीतच आहे.

जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत पडद्याच्या आतल्या बाजूवर ओळीमागून ओळ ओढत चित्र काढतो. वहीत एक ओळ सोडून एक लिहावं, तसा आधी एकाआड एक ओळी आणि मग मधल्या राहिलेल्या. रंगीत दूरदर्शन आपल्याकडे १९८२ साली, एशियाडच्या वर्षी आलं, ते पॅल पद्धतीचं. तिच्यात एका चित्रात ६२५ ओळी, त्यातल्या ५७६ चित्राच्या, आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रं. म्हणजे एका ओळीला जेमतेम ६४ मायक्रोसेकंद. टीव्ही चालू असताना येणारा तो बारीक 'चीं' आवाज सेकंदाला ओढल्या जाणाऱ्या याच १५,६२५ ओळींचा. वयाबरोबर असे उंच स्वर ऐकू येईनासे होतात, म्हणून नातवाला तो ऐकू येतो आणि आजोबांना नाही.

पिवळ्या सॉकेटमधून टीव्हीला मिळतो तो फक्त चढउतार होणारा विजेचा दाब, एकूण एक व्होल्टचा. त्यातला खालचा ०.३ व्होल्ट 'आता नवी ओळ सुरू कर' हे सांगण्यासाठी आणि वरचा ०.७ व्होल्ट उजेडासाठी. रंगाची माहिती त्याच तारेतून ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसून येते. बातम्या देणाऱ्याच्या बारीक रेघांच्या शर्टावर नसलेले इंद्रधनुषी पट्टे दिसतात, ते यामुळेच. दाट रेघांमुळे उजेड इतक्या झपाट्याने बदलतो की टीव्ही त्यालाच रंग समजतो.

एचडीएमआयचं पहिलं मानक २००२ सालच्या डिसेंबरात आलं. त्यात व्होल्टचा असा सलग चढउतार नसतो, सगळे आकडेच. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यांत. जुन्या टीव्हीला यातलं काहीच कळत नाही. म्हणून मध्ये लागतो कन्व्हर्टर. हा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा आलेलं चित्र साठवतो, त्याच्या ओळी कमी करतो, एकाआड एक लावतो आणि वेळेवर व्होल्ट बाहेर सोडतो. हे काम विजेशिवाय होत नाही. एचडीएमआयच्या पिनेतून मिळणारा प्रवाह बहुधा पुरत नाही, म्हणून डब्याला मोबाइलच्या पाच व्होल्टच्या चार्जरवरून वीज द्यावी.

दुकानात हा डबा मागताना 'एचडीएमआय टू एव्ही' हे शब्द नीट वाचून घ्या; एव्ही म्हणजे ती गोल रंगीत सॉकेटं. 'एव्ही टू एचडीएमआय' हा दिसायला जुळा भाऊ, पण काम बरोबर उलटं. डब्यावर एक छोटा खटका असतो, त्यावर पॅल आणि एनटीएससी लिहिलेलं असतं. एनटीएससी ही अमेरिकेकडची ५२५ ओळींची पद्धत. खटका तिकडे राहिला तर जुन्या टीव्हीवर चित्र काळंपांढरं दिसतं किंवा वरखाली धावत राहतं. नखाने खटका सरकवला की झालं. चित्र येऊनही आवाज नसेल, तर प्लेअरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डॉल्बी हा प्रकार बंद करून पीसीएम किंवा स्टीरिओ हा साधा प्रकार निवडा. मेनू दिसतो पण सिनेमा लावला की पडदा काळा होतो, असं झालं तर कारण कॉपीपासून संरक्षण करणारी एचडीसीपी ही कुलूपव्यवस्था. प्रत्येक कन्व्हर्टर ती पाळत नाही, म्हणून घेतानाच चौकशी करावी.

चित्राची अपेक्षा मात्र माफक ठेवा. रुंद सिनेमा जुन्या चौकोनी पडद्यावर ताणल्याशिवाय बसवला, तर वरखाली काळे पट्टे येऊन चित्राला ४३२ ओळीच उरतात. माणसं छान दिसतात, पण बारीक अक्षरातली सबटायटल्स वाचवत नाहीत. ती प्लेअरमध्ये मोठी करून घ्यावीत.

काही सेटटॉप बॉक्स आणि डीव्हीडी प्लेअरना गोल सॉकेटांऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असतं. त्याच्या केबलमधल्या तारांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. पडदा रिकामा आणि स्पीकरमधून घुर्र आवाज, असं झालं तर चित्राची तार आवाजाच्या सॉकेटात गेली आहे. रंग विसरून पिना आलटून पालटून पाहा.

कोकणात आणखी एक शत्रू आहे, खारी हवा. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ ओलावा धरून ठेवतं आणि सॉकेटच्या पितळेवर हिरवट थर चढतो. पिन घट्ट बसलेली दिसते, पण मध्ये तो थर असल्याने चित्र थरथरतं, हात लावला की सुधारतं. वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पिन आणि सॉकेट पुसावं. टीव्हीची मागची बाजू मात्र घरी उघडू नये. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच वेळ आत साठून राहू शकतो.

आणि गोल सॉकेटच नसलेला, फक्त अँटेनाची जागा असलेला फार जुना टीव्ही असेल, तर कन्व्हर्टरच्या पुढे आरएफ मॉड्युलेटर नावाचा अजून एक डबा लावावा लागतो. तो चित्र-आवाज एका चॅनेलवर चढवतो आणि टीव्हीवर ते चॅनेल शोधून ट्यून करायचं. चित्र थोडं मऊ येतं, पण क्रिकेटची मॅच आरामात बघता येते.