मधलं घर आणि जी२चा उंट

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धांत पांढरी मोहरी मिळाली की बऱ्याच मुलांचा हात आपसूक राजापुढच्या प्याद्याकडे जातो. मधली चार घरं प्याद्यांनी धरायची, हे शिकवलेलं असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. घरावर ताबा ठेवायला त्यात जाऊन बसावंच लागतं असं नाही. राजहंसगडावरून येळ्ळूरचं शिवार नजरेत राहतं, तसं कडेच्या उंटाला पटाचा मध्य दिसतो. १९२४ साली न्यूयॉर्कला रिचर्ड रेटीनं घोडा एफ३, मग सी४ (पटाचे उभे स्तंभ ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८; नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल) अशी सुरुवात करून जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. आठ वर्षांतली त्याची ती पहिली हार.

पांढऱ्याच्या चाली अशा: सी४, घोडा सी३, जी३, उंट जी२. चार चालींत डी५ या एकाच घरावर प्यादं, घोडा आणि उंट असे तिघांचे मारे लागतात. काळा ई५, घोडा सी६, जी६, उंट जी७, डी६ असा खेळला तर डी३ करून हत्ती बी१वर आणावा. त्यामुळे तो जी७च्या उंटाच्या कर्णावरून बाजूला होतो आणि बी४ला जोरही देतो. काळा ए५नं अडवेल. मग ए३, बी४, प्याद्यांची मारामारी, आणि बी५. सी६चा घोडा उठला की बी७चं प्यादं थेट आपल्या उंटाच्या तोंडी येतं आणि सी८चा उंट त्याच्या राखणीत अडकतो. ही साखळी फार देखणी आहे.

बिघडतं ते बहुधा जी२च्या उंटामुळेच. काळा उंट ई६, वजीर डी७, उंट एच३ करून त्याची अदलाबदल मागतो; ती झाली की किल्लेकोटातल्या राजाजवळची एफ३ आणि एच३ ही घरं दुबळी होतात. एफ१चा हत्ती आधीच ई१वर नेलेला असेल तर उंट निवांत एच१ला सरकतो. एफ१वरच असेल तर उंट हलताच हत्तीच मारला जातो.

ई४सुद्धा जपून. सी आणि ई ही दोन्ही प्यादी पुढे गेली की डी४ला कुठलंच प्यादं राखू शकत नाही, आणि उंटाची वाटही बंद होते. माजी जगज्जेता बोटविनिक ही रचना मुद्दाम खेळायचा, पण घोडा ई२वर ठेवून, डी४वर पहारा राखून.

'दहा चालींत हमखास मात' सांगणारे व्हिडिओ सरळ बंद करावेत. तशी सुरुवात अस्तित्वातच नाही. इथेही चाली पाठ करून भागत नाही. काळ्यानं ई६, डी५ मांडलं तर बी४चा हट्ट सोडून घोडा एफ३ आणि डी४ खेळावं, म्हणजे डाव कॅटलान नावाच्या सुरुवातीत जातो, आणि जी२चा उंट तिथेही तितकाच कामाचा ठरतो.